पट्ट्याचा पाव पीळ

आमच्या गॅरेजचं धुळ्यात नाव झालं ते ह्यांच्या दोन बोटांमुळे. घरासमोरच पत्र्याची शेड, त्यात जेमतेम दोन गाड्या मावतात. पण टायमिंग पट्ट्याचं काम असलं की माणसं वाटेतली चार गॅरेजं सोडून आमच्याकडे यायची. इंजिनाच्या वरच्या चाकाला खालच्या चाकाशी बांधून ठेवणारा हा दातेरी रबरी पट्टा. सैल राहिला तर एखादा दात चुकतो, आतले व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात आणि चालती गाडी भर हायवेवर बंद पडते. फार आवळला तर कुंईकुंई करत लवकर झिजतो. हे तो पट्टा अंगठा आणि शेजारच्या बोटात धरून पिळायचे. जरा जोर लावल्यावर पाव फेरा वळला की ताण बरोबर.

लग्नानंतर मी आधी नुसती उजेडासाठी बॅटरी धरायची. मग खालच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवायचं काम माझ्याकडे आलं, कारण ताण बसवल्यावर दोन फेरे फिरवून पुन्हा बघावं लागतं. मग पिळायलाही शिकले. मुद्दाम सैल ठेवून हे मला विचारायचे आणि मी चुकले की दिवसभर चिडवायचे. गेल्या दिवाळीपासून मात्र स्वतः पिळून झालं की म्हणायला लागले, "तू बी बघ. कसा शे?" मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. इतक्या वर्षांनी ह्या माणसाला माझा हात दिसला, असं मी दोंडाईच्याला आईला फोन करून सांगितलं. तिनेही दोन शेजारणींना ऐकवलं.

एप्रिलात एका शाळामास्तरांची गाडी आली. घरचे सगळे जळगावला लग्नाला निघणार होते. पट्टा इंजिन गार असतानाच बघतात, म्हणून सकाळीच काम काढलं. ह्यांनी ताण बसवला, बोल्ट आवळला, मी दोन फेरे फिरवले. सर अगदी खांद्याशी येऊन उभे होते. ह्यांनी पट्टा पिळला आणि म्हणाले, "बरोबर शे." मला 'तू बी बघ' म्हणाले नाहीत. परक्या माणसासमोर बायकोला काय विचारायचं, असा मान आडवा आला असेल, असं वाटून मी मनातल्या मनात नाक मुरडलं.

सर चहा घ्यायला नाक्यावर गेले तसा मी सवयीने पट्ट्याला हात घातला. तो पायजम्याच्या नाडीसारखा वळला. पाव फेरा कसला, पार उलटा झाला. मला हसू आलं.

"बस करा आते तुमनी परीक्षा," मी म्हटलं.

"कसानी परीक्षा?"

ह्यांच्या चेहऱ्यावर चेष्टेचं काही नव्हतं. पुढे होऊन ह्यांनी पट्टा पुन्हा पिळला, तो पुन्हा माझ्या डोळ्यांदेखत उलटा झाला आणि हे म्हणाले, "ठीक तर शे."

मी म्हटलं, डोळे मिटा आणि हात पुढे करा. वाटलं होतं, ओरडतील. पण ह्यांनी मुकाट्याने हात पुढे केला. मी एक छोटा वायसर, बोल्टखालची चकती, ह्यांच्या दोन बोटांवर ठेवला आणि हात मागे घेतला. हे डोळे मिटून थांबलेच होते.

"ठेव ना," हे म्हणाले.

वायसर बोटांवर होता. मी तिथल्या टायरवर खाली बसले. ह्यांनी डोळे उघडले, आपल्या बोटांकडे बघितलं आणि वायसर खिशात टाकला.

"कवयपाइन?" मी विचारलं.

"दिवाळीपाइन."

दिवाळीपासून. म्हणजे ते 'तू बी बघ' माझं कौतुक नव्हतं. मी बरोबर म्हटलं की हे गाडी देत होते, मी तोंड वाकडं केलं की पुन्हा आवळत होते. सहा महिने गॅरेज माझ्या बोटांवर चाललं होतं आणि मलाच त्याचा पत्ता नव्हता. मला इतका संताप आला की पाना फेकून मारावासा वाटला. आणि मी माहेरी गेले होते तेव्हा? तेही विचारलं.

"तवय एक बी पट्टा हातमा नही लिधा," हे म्हणाले. "बठ्ठासले सांगं, आंग दुखस." म्हणजे आलेल्या सगळ्यांना अंगदुखीचं निमित्त सांगून परत लावलं होतं.

मी उठून बोल्ट ढिला केला, ताण नव्याने बसवला, दोन फेरे फिरवले, पिळला. पाव फेरा. पुन्हा पिळला. हे नुसते बॅटरी धरून उभे होते.

सर परत आले आणि ह्यांनाच म्हणाले, "काय मिस्त्री, बिनघोर जाऊ ना?"

मला वाटलं, हे नेहमीसारखी मान हलवतील.

"सर, माझ्या बोटांना आता समजत नाही," हे म्हणाले. "पट्टा हिने बसवलाय. हिला विचारा."

सर आधी हसले. मग आमच्या दोघांची तोंडं बघून त्यांचं हसू गेलं. गाडी न्यावी की नाही, असं त्यांना झालेलं दिसत होतं. शेवटी त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "जाईल ना, वहिनी?" मी म्हटलं, जाईल. गाडी वळणापार होईपर्यंत मी इंजिनाचा आवाज ऐकत होते.

पुढच्याच आठवड्यात एसटीने आम्ही जळगावला नसांच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. वाटभर मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण बोलले असते तर रडलेच असते. डॉक्टरबाई चांगल्या होत्या. मानेत नस दबलेली असू शकते, साखरही तपासू, किती भरून येईल ते आज सांगता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी कापसाची वात केली.

"मी बोटाला लावते. समजलं की हो म्हणा."

ह्यांनी लगेच माझ्याकडे बघितलं. डॉक्टरबाईंच्या ते लक्षात आलं. "तिकडे नाही," त्या हळूच म्हणाल्या. "डोळे मिटा."

ह्यांनी डोळे मिटले. करंगळीला हो म्हणाले. तिच्या शेजारच्या बोटालाही जरा थांबून हो म्हणाले. मधल्या बोटावर कापूस दोनदा फिरला, हे गप्प. पट्टा पिळायच्या बोटावर फिरला, तेव्हाही गप्प.

राहिला अंगठा. हे घाईघाईने म्हणाले, "हो, समजलं."

डॉक्टरबाईंनी अजून कापूस लावलाच नव्हता.