आवळीखालचा शेजारी

पोलीस अॅक्शन होऊन गेली, कचेरीत उर्दूच्या जागी इंग्रजी आली, आणि त्याच सुमारास माझ्या आतड्यातली गाठ काढून डॉक्टरांनी पोटाच्या डाव्या बाजूला नवी वाट करून दिली. शौच यापुढे तिथून. मी त्यांना म्हणालो, यापेक्षा मारून का नाही टाकलंत? त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चालत राहा. घरात बसलात तर कुजाल." त्या बोलण्याचा मला राग आला, म्हणूनच मी चालायला लागलो.

पहाटे एनिमा घेऊन पोट रिकामं करायचं, त्या नव्या वाटेच्या तोंडावर गॉज आणि कापूस, वर मेणकापड, आणि सगळं आवळून धरणारा मांजरपाटाचा पट्टा. पट्टे माझी मुलगी शिवायची. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरात आम्ही दोघंच. पट्टा कुठे काचतो, कुठे सैल पडतो, हे त्या पोरीला माझ्या आधी कळायचं. कधी नाक मुरडलं नाही तिने. मी देवावर टाकला नसेल एवढा विश्वास तिच्यावर टाकला होता.

आधी जामबागेतल्या आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत, मग कोठीचा भाग, मग बेगम बाजार. तिथे मिरचीच्या खकाण्याने शिंका आल्या आणि पट्टा सरकला, तेव्हा माझी पार गाळण उडाली. बरोबर माझा शाळासोबती होता, लहानपणापासून अरेतुरेतला. त्याने मला एका दुकानामागे नेलं, स्वतः पाठ करून आडोशाला उभा राहिला आणि म्हणाला, "निवांत कर रे. कायकू परेशान होतोस?" सख्ख्या भावाने केलं नसतं एवढं त्याने केलं, असं मी पुढे दहा जणांना सांगितलं. मूर्खच मी.

गवार, मुळा, कच्चा कांदा सोडला. पिशवीत जादा कापूस ठेवू लागलो. हळूहळू सिकंदराबादेपर्यंत जाऊन यायची ताकद आली. कचेरीतले लोक मला बघून दबक्या आवाजात बोलायचे, पण रस्त्यावर मला कोण विचारतंय? तिथे मी चांगला धडधाकट माणूस होतो, आणि ते मला फार आवडायचं.

कार्तिकात मित्राच्या घरची मंडळी मुशीकाठच्या एका बागेत आवळीभोजनाला जायची. आवळीच्या झाडाखाली चूल मांडायची आणि तिथेच पंगत. आजारापूर्वी मी दरवर्षी त्यांच्याबरोबर असायचो. या खेपेला मी पायी येणार, असं मित्राला आणि मुलीला दोघांनाही ऐकवून ठेवलं होतं. मित्र म्हणाला, "पुढच्या रविवारी ठरलंय." मुलगी म्हणाली, "या रविवारी मी त्यांच्याकडे काकूंना फराळाला मदत करायला जाते, पुढच्या रविवारी आपण दोघं जाऊ."

ती गेल्यावर मला घरात करमेना. म्हटलं, ऐन वेळी दम लागून फजिती नको, एकदा वाट चालून बघावी. पट्टा घट्ट केला आणि निघालो. वाटेत दोनदा टेकलो, पण पोहोचलो. इतका खूश होतो की बागेतून धूर येताना दिसला तेव्हासुद्धा मनात काही आलं नाही.

आवळीखाली मित्र बसला होता, त्याची बायको चुलीपाशी होती. शेजारी नवी पैठणी नेसलेली एक अनोळखी बाई आणि तिचा तरणा मुलगा. आणि पत्रावळी मांडत असलेली माझी मुलगी. मला बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला. बाईने विचारलं, "हे कोण?"

"आमच्या शेजारचे काका," मुलगी म्हणाली.

मी मित्राकडे बघितलं. तो उठला आणि म्हणाला, "या, बसा. जेवूनच जा आता." मला अहोजाहो. जन्मात पहिल्यांदा.

मी बसलो. का बसलो, विचारू नका. वाढप सुरू झालं तशी बाई बोलायला लागली. गुलबर्ग्याहून मुलगी बघायला आली होती. माझीच मुलगी. "वडिलांना अर्धांगवायू झालाय म्हणे. तुम्ही शेजारी, रोज बघत असाल. एक बाजू अगदीच गेली का हो?"

आत्ता कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. अंथरुणाला खिळलेला बाप सांगायला सोपा. पोटातून शौच होणारा, वर गावभर हिंडणारा बाप सांगायचा कसा? दोघांनी मिळून मला घरी निजवून ठेवलं होतं.

"हात हलतो थोडा," मी म्हणालो.

मी खरं बोललो असतो तर सगळ्यांसमोर तिला खोटं पाडल्यासारखं झालं असतं. बोलायचं तर तिने बोलावं.

बाईने उसासा टाकला. "पोरगी गुणी आहे हो. पण बाप असा लोळागोळा. उद्या ते सगळं माझ्या लेकाच्या गळ्यात पडणार. बाप तुमच्यासारखा हिंडता-फिरता असता ना, तर मी इथेच साखर वाटली असती."

मुलगी ताकाचं भांडं घेऊन माझ्यापुढेच उभी होती. तिने सगळं ऐकलं. मित्रानेही ऐकलं आणि आणखी भात मागून घेतला. मी तिच्याकडे पाहत राहिलो. 'बाबा' एवढंच म्हणायला हवं होतं तिने. पट्टा, पोट, बाकी सगळं मी समजावून सांगितलं असतं त्या बाईला, हात जोडून सांगितलं असतं.

"काका, ताक घ्या," ती म्हणाली.

मी द्रोण पुढे केला. जेवण झाल्यावर एकटाच चालत घरी आलो. ते स्थळ मोडलं ते मोडलंच. पहिल्यांदा मला काका म्हणाली तेव्हा ती घाबरली होती, ते मी कधीच सोडून दिलं. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा ती घाबरलेली नव्हती.