वरातीची गाडी

ठाकुर्लीला आमच्या तळमजल्यावर राहणारा हा पन्नाशीचा माणूस वरातीची गाडी चालवतो. लाल, उघड्या टपाची. नवरा-नवरी मागच्या सीटच्या पाठीवर उंच बसतात, पुढे बँडवर लोक नाचतात आणि हा पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने गाडी पुढे घेतो. बोलणंही तसंच. एक वाक्य, मग बराच वेळ काही नाही. अख्खी बिल्डिंग त्याला दादा म्हणते. त्याचं स्वतःचं लग्न राहूनच गेलं.

पितृपक्ष चालू होता, म्हणजे लग्नं बंद. मीही ऑफिसला दांडी मारून घरी बसलेलो. खालून हाक आली, "अरे, चल. माळशेजला जाऊन येऊ."

त्याच लाल गाडीतून निघालो. घाटातही त्याचा वेग वरातीचाच. मागचे ट्रकवाले हॉर्न मारून मारून वैतागले.

"दादा, इथे पुढे कोण नाचतंय?"

तो हसला नाही. "पायाला सवय झाली रे," म्हणाला.

घाट संपल्यावर रस्ता रिकामा झाला. सगळीकडे धुकं. त्याने गाडी थांबवली, मला स्टिअरिंगवर बसवलं आणि स्वतः चपला काढून मागच्या सीटच्या पाठीवर चढून बसला. केसांवरून हात फिरवला.

"हळू घे."

मी आरशात पाहिलं. तो अगदी एका कडेला बसलेला.

"दादा, मधे बस ना, पडशील."

"मधे कसा बसू?" तो म्हणाला.

मी दुसरा गिअर टाकलाच नाही.