परत नको असलेला डबा

विमानतळाच्या काचेच्या दारापुढे अण्णांना, माझ्या वडिलांना, सोडणार नव्हते. त्यांच्या वसतिगृहात त्यांचा पेला वेगळ्या कोनाड्यात असायचा, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं. त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "तिथं आडनाव कुणी विचारणार नाही, बाळा. सगळ्यांसोबत बसून जेव."

जर्मनीत हायडेलबर्गला पहिल्याच शनिवारी मी मराठी मुलांकडे जेवायला गेले. ताट हातात यायच्या आधी मुक्ताताईनं विचारलं, "पूर्ण नाव काय गं?" मी सांगितलं. "अच्छा," म्हणून ती आत गेली.

ताई विद्यार्थी-निवासात आमच्याच मजल्यावर राहते, पीएचडी करते. आम्ही दोघी बाहेर भाड्याची खोली बघायला गेलो होतो, तेव्हा फोनवर गोड बोललेली घरमालकीण आमचे चेहरे पाहून म्हणाली, खोली गेली. ताई रस्त्यातच रडली. "गेनाऊ, बरोब्बर, रंगच बघतात हे." मी तिचा हात धरला. शनिवारची बोलावणी मात्र मला येईनाशी झाली. अण्णा फोनवर विचारायचे, "एकत्र जेवता ना?" मी थंडीबद्दल काहीतरी बोलायचे.

अण्णा वारले तेव्हा माझा इथं राहायचा परवाना संपलेला होता आणि नव्यासाठी टर्मीन, म्हणजे कचेरीतली भेटीची वेळ, मिळत नव्हती. मी घरी गेले असते तर परत येता आलं नसतं. ताई दारात वरणभाताचा डबा घेऊन आली. डोळे भरलेले. "सांभाळ गं. आणि डबा परत नको देऊस, टाकून दे."

घेतलेला डबा रिकामा परत करायचा नाही, ही अण्णांची शिस्त. मी तो धुऊन त्यात शिरा भरून दिला. "अगं, कशाला," म्हणत तिनं घेतला.

दुसऱ्या दिवशी मजल्याच्या स्वयंपाकघरात मला तो दिसला. शिरा ओल्या कचऱ्याच्या बायोम्यूलमध्ये, डबा प्लॅस्टिकच्या पिवळ्या पेटीत. कचरा तिनं अगदी नियमानं वेगळा केला होता.

मी तिथंच उभी होते. शेजारच्या खोलीतली एरिट्रियाची सलाम जेवत होती. तिच्याकडे एकाच मोठ्या ताटात सगळे जेवतात.  तिनं आंबोळीसारख्या भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि माझ्या तोंडात घातला.

तिकडे घरचे तुम्ही सगळे विचारता, झालं का तिथं घर? सलामच्या ताटात माझी बाजू ठरली आहे. तिथं "अजून घे" असं मराठीत म्हणणारं कुणी नाही.

अण्णा, मी एकत्र जेवते. सगळ्यांसोबत नाही.