गाडीवरचं बोलणं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण — जाऊ द्या, कारण काही नाही.

परवा लेकीचा फोन आला. लग्नाला वर्षही झालं नाही तिच्या. "आई, हे काही बोलतच नाहीत वं. घराचं विचारा, नोकरीचं विचारा, नुसतं हूं. तू बाबाले कसं बोलतं केलं?" मी म्हटलं, "गाडीवर मागं बसून विचार. तोंडासमोर तोंड नसलं की बोलतात." तेवढंच सांगितलं. पुढचं कुठल्या तोंडानं सांगू?

युक्ती खरीच लागू पडली होती. ओलिताला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, विजेची लाइन रातचीच यायची आणि हे दर वेळी गड्याला धाडायचे. घरात विचारलं की उठून जायचे. टोमणे मारले, अबोला धरला — काही नाही. मग एकदा आर्णीहून परतताना, गाडीवर, मागून हळूच विचारलं. तेव्हा म्हणाले, "मले रातच्यानं वावरात भेव लागते." लहानपणी थोरला भाऊ वावरातच साप चावून गेला, उजाडेपर्यंत हे त्याच्यापाशी एकटे बसून होते. सगळं समोरच्या रस्त्याकडे बघत सांगितलं. मी पाठीवर हात ठेवला. किती जवळ होते मी त्या दिवशी!

मागच्या वर्षी संक्रांतीला आर्णीत नणंदेकडे हळदीकुंकू होतं. बायका मागं लागल्या, नाव घे. एक म्हणाली, "हिचा तोच शिळा उखाणा असते. नवा येते का काही?" मला चेव आला. का आला? हुशारी दाखवायची होती, दुसरं काय —

विहिरीच्या काठी बोरीचं झाड,
दिनकरराव अंधारात लपती माझ्या आड.

"अवो माय, एवढ्या मोठ्या मिशा असून?" काय हसल्या बायका! आणि मी थांबले नाही. गड्याला कसं धाडतात, तेही सांगितलं. नणंद तेवढी हसली नाही. गेलेला भाऊ तिचाही होता ना.

हे मला न्यायला आले होते. दारातच उभे होते.

गाडीवर मी विचारलं, "आत्ताच आले का?"

"हो."

त्यांचं उत्तर खोटं होतं. माझा प्रश्न त्याहून खोटा.

त्या रात्री लाइन आली तसे बॅटरी घेऊन स्वतःच वावरात गेले. तेव्हापासून स्वतःच जातात. नका जाऊ — ओठावर आलं होतं माझ्या. पण तसं म्हटलं असतं तर उखाण्याचंही बोलावं लागलं असतं. मी कूस बदलली. झोपेचं सोंग घेतलं. अजूनही घेते.

गाडीवर मी मागं बसतेच. विचारतेही. "काय बोलू?" म्हणतात. रागानं नाही. रागानं म्हटलं असतं तर बरं होतं.

गेल्या आठवड्यात म्हणाले, दवाखान्यात जायचं आहे. एवढंच. डॉक्टरांनी विचारलं, "छातीत कधीपासून दुखतंय?"

"दिवाळीपासून."

मी बाजूच्याच खुर्चीवर होते. डॉक्टर माझ्याकडे वळले, "का हो बाई, तुम्ही तरी आधी आणायचं ना यांना."

मी मान हलवली. मला माहीत होतं, असं दाखवलं.

परतताना गाडी तेच चालवत होते. त्यांची पाठ माझ्यासमोर होती, वीतभर अंतरावर. मी सीटची मागची दांडी धरून बसले होते.