वहिनी, तुमी रंग बघा

भवानी पेठेतल्या त्या दुकानदाराचं नाव मला ठाऊक नाही आणि करूनही घ्यायचं नाही. नव्या स्वयंपाकघरासाठी व्हिनाइलचं फ्लोअरिंग बघायला आम्ही नवरा-बायको गेलो होतो.

"शेंगाची चटणी मी खाली बसून खलबत्त्यात कुटते. खड्डे पडतील का?" मी विचारलं.

"लई दणकट हाय, साहेब," तो रोल थोपटत यांना म्हणाला.

मी तापल्या तव्याचं विचारलं. उत्तर पुन्हा साहेबांनाच! वर मला म्हणतो, "वहिनी, तुमी रंग बघा की. मजबुतीचं आमी बोलतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या फरशीवर जन्मभर राबणार कोण?

मग त्यानं टेप काढली. "साहेब, किचनची लांबी-रुंदी किती हाय?"

साहेब माझ्याकडं बघायला लागले.

मी रंग बघत होते.