कुणाचं मन अडलंय का?

कोरेगावच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत हात वर करून मतं घेत नाहीत. सगळ्यांचं बोलून झालं की मंडळीचे ज्येष्ठ, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, ते उभे राहतात आणि विचारतात, "कुणाचं मन अडलंय का?" एकानेही हो म्हटलं, तर निर्णय पुढच्या सभेवर जातो. मधल्या काळात काकांनी त्या माणसाच्या घरी जायचं, शांतपणे ऐकून घ्यायचं आणि त्याचं म्हणणं सभेत मांडायचं. या रीतीचा मला अभिमान होता. कॉलेजात मैत्रिणींना मी ती कौतुकाने सांगायची.

दोन वर्षांपूर्वी चर्चच्या मागची खोली पाडून तिथे लग्नकार्यासाठी हॉल बांधायचा विषय निघाला. माझा दहावी-बारावीचा अभ्यास त्या खोलीतच झाला. घरी सातजणांत एक बल्ब. त्या खोलीला दार होतं, टेबल होतं. किल्ली काकांकडे असायची. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, आणि तिच्यात त्या किल्लीचा वाटा आहे, हे मी आजही मानते. हॉलचा विषय निघाला तेव्हाही तिथे पाचसहा मुली अभ्यासाला बसत.

काकांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "माझं अडलंय."

ते रीतीप्रमाणे घरी आले. आईने भाकरी आणि घेवड्याची आमटी वाढली. मी सगळं सांगितलं. हॉल बांधा, पण आधी मुलींना दुसरी जागा द्या, एवढंच माझं म्हणणं होतं. ऐकताना त्यांचे डोळे भरून आले.

"पोरी, तुझं खरं हाय. मी मांडतो सभेत. तू बोलू नगंस, लोकास्नी वाटंल शिकली म्हणून तोंड वर झालं."

"तुम्ही सगळं सांगाल ना, काका?"

"तर. माझ्या हातची पोरगी हायेस तू."

पुढच्या सभेत मी निर्धास्त बसले होते. काका उठले. म्हणाले, "मी तिच्या घरी जाऊन आलो. लय बोललो आमी. तिचं मन आता मोकळं झालंय. प्रभूनं आपल्याला एक केलं."

मला आधी वाटलं, पुढे सांगतील. मी अर्धवट उठले, "काका, नाही..." पण त्यांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली होती. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. आमच्यात प्रार्थना चालू असताना कुणी कुणाला अडवत नाही. एकीबद्दल ते देवाचे आभार मानत होते, आणि मी एकटी डोळे उघडे ठेवून उभी होते. शेवटी माझ्या शेजारी बसलेली आईसुद्धा "आमेन" म्हणाली.

बाहेर चपला घालताना मी त्यांना गाठलं. "तुम्ही ऐकलं होतं ना माझं?"

"ऐकलं व्हतं. पर आपली मंडळी एकदा फुटल्याली मी बघितलीय गं. निम्मी घरं सांगलीला गेली, परत आली न्हाईत. तू समजून घेशील, म्हणून तुझ्यावर टाकलं."

आता ते खोटं बोलत नव्हते, तेच जास्त लागलं. माझी कृतज्ञता त्यांनी हिशेबात धरली होती.

खोली पाडली. हॉल झाला, चांगला झाला. मुली आता येत नाहीत.

गेल्या महिन्यात उपासनेची वेळ बदलायची ठरत होती. सकाळी लवकर ठेवली, तर कंपनीतली रात्रपाळी करून शिरवळहून येणाऱ्यांना पोहोचता येणार नाही, म्हणून मी पुन्हा म्हणाले, "माझं अडलंय." काका घरी आले. आता काठी टेकत येतात. आईने त्यांना खुर्ची दिली, मी चहा दिला.

"सांग पोरी. मी मांडतो."

"चहा घ्या, काका," मी म्हणाले. "माझं मी सभेतच सांगेन. प्रार्थनेच्या आधी."

त्यांनी बशीत चहा ओतून बराच वेळ तसाच ठेवला. प्यायले मात्र नाहीत.