नणंद खुर्चीतून उठत नाही

दूध उतू जायच्या बेतात होतं, मुलीची वेणी अर्धीच झाली होती आणि हे एक मोजा शोधत घरभर फिरत होते. तेवढ्यात दारावर धडका बसल्या. उघडलं तर धाकटी नणंद. दोन्ही हातांत कॉफीचं मशीन, म्हणून कोपरानं दार ठोठावत होती.

"वहिनी, हे तुझ्या ओट्यावर राहू दे. माझ्या घरी ठेवलं तर मला दया येईल आणि मी ते ऑफिसात परत नेऊन देईन."

मशीन तिचंच होतं. प्रोग्रामर म्हणून नोकरीला लागली तेव्हा ऑफिसात कॉफी म्हणून कोमट, गढूळ पाणी मिळायचं. म्हणून हिनं मशीन घेऊन तिथं ठेवलं. प्यायचे सगळे, धुवायची ही. तिथं नुसती कॉफी निघायची असंही नाही. कुणाचा प्रोग्राम अडला की तो कप घेऊन हिच्या शेजारी उभा राहायचा आणि कप संपेपर्यंत गुंता सुटलेला असायचा. आत्ताचा मॅनेजरही तिथंच उभा राहून शिकला.

त्याच मॅनेजरनं सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर पहारा बसवला. कीबोर्ड चालला की हिरवा दिवा, थांबला की लाल. नणंद मशीनपाशी, म्हणजे दिवा लाल. टीमप्रमुखाची जागा हिलाच मिळणार असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. ती मिळाली हिनंच शिकवलेल्या दुसऱ्याला. हिच्या वार्षिक अहवालात लिहिलं, 'बराच वेळ कॉफीपाशी असतात.' वर भर मीटिंगमध्ये कुणीतरी 'कॉफीमावशी' म्हणालं आणि मॅनेजर हसला.

"सोड असली नोकरी," हे म्हणाले.

"नोकरी कशाला सोडू, दादा? आता मी खुर्चीच सोडणार नाही. त्याला उकळत्या तेलात टाकायचं नाहीये मला. कोमट पाण्यात बुचकळून ठेवायचंय."

आणि खरंच उठली नाही. कुणी प्रश्न घेऊन आलं की म्हणायची, "उठले तर दिवा लाल होतो रे. लिहून पाठव, सवडीनं बघते." नेमून दिलेलं काम तेवढं करायची, आणि प्रोग्रामच्या प्रत्येक ओळीखाली लांबलचक खुलासा टाइप करत बसायची.

"हिरवागार दिवा, वहिनी. कुरणासारखा."

संध्याकाळी माझ्याकडे येऊन आपल्या मशीनची कॉफी प्यायची आणि आज कोण कुठं अडकलं ते सांगायची. खोटं कशाला बोलू, मीही भाजी चिरायची सोडून ऐकायची.

"आणि तो नवा टीमप्रमुख गं?"

"एका हातानं कपात टी-बॅग बुडवत बसतो, दुसऱ्यानं दिव्यापुरता कीबोर्ड बडवतो आणि स्क्रीनकडे बघतो. जणू स्क्रीनच त्याला समजावून सांगणार आहे."

सगळ्यांचे दिवे हिरवे आणि काम ठप्प. ग्राहकाला प्रोग्राम द्यायची तारीख आली आणि गेली. वरच्या साहेबांनी मॅनेजरला फैलावर घेतलं. त्यानं नणंदेला फोन केला, तर ही म्हणाली, "मशीन वहिनीकडे आहे. तिथं ये."

सुट्टीच्या दिवशी तो आला. मी बसायला सांगितलं, पाणी दिलं. कॉफी विचारली नाही. नणंद त्याच्यासमोर बसून आपला कप संपवत होती.

"ताई, चुकलं माझं," तो म्हणाला. "तो पहारा काढून टाकलाय. अहवालातलं वाक्यही काढतो. टीमप्रमुखाच्या जागेचं वर बोललोय, तुमचं नक्की होईल."

"ते तर तू करशीलच. नाक दाबलं गेलंय तुझं. त्यात माझ्यावर उपकार नाहीत."

"मग मशीन नेऊ का? आणखी काही हवं असेल तर सांगा."

"ने. माझं मागणं एकच आहे. रोज संध्याकाळी, सगळे घरी जायच्या आधी, सगळ्यांदेखत ते तू धुवायचंस."